आधी मॅनेजर की आधी संघ? स्लॉट, अमोरिम आणि युनायटेडची बारा वर्षं

ठाणे_स्ट्रेटफर्ड | ७ जून २०२५, रात्री ११:४२

आर्ने स्लॉट २०२४ च्या उन्हाळ्यात फेयेनूर्ड सोडून मॅनेजर म्हणून लिव्हरपूलला आला. आधीचा मॅनेजर क्लॉपनं मागे ठेवलेला संघ जसाच्या तसा हातात पडला. उन्हाळ्यात खेळायला मिळालेला नवा माणूस एकच, किएसा, आणि तोही जवळजवळ वर्षभर बाकावर. तरी ८४ गुण, आणि चार सामने बाकी असतानाच लीग खिशात. रुबेन अमोरिम नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालचा स्पोर्टिंग क्लब सोडून आमच्या मँचेस्टर युनायटेडला आला. स्वतःची ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) घेऊन आला आणि पहिल्या सामन्यापासून तीच लावली. लीगमध्ये त्याच्या वाट्याला आलेल्या २७ सामन्यांत ७ विजय, २७ गुण. संघ १५वा.

अमोरिमला शिव्या घालायला हा धागा काढलेला नाही, त्यासाठी दुसरे धागे आहेत. माझा राग क्लबवर आहे. मॅनेजर फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले, त्याच उन्हाळ्यात क्लबचे मुख्य अधिकारी डेव्हिड गिलही गेले. तेव्हापासून आमच्याकडे ठरलेलं चक्र आहे. नवा मॅनेजर येतो, त्याच्या पसंतीचे खेळाडू घेतले जातात, निकाल बिघडले की तो जातो आणि खेळाडू मात्र राहतात. या मोसमातला संघच बघा. ल्यूक शॉ व्हान गालच्या काळातला. लिंडेलॉफ आणि दालो मोरिन्योचे. मॅग्वायर, ब्रुनो, अमाद सोल्शायरचे. कासेमिरो, एरिक्सन, ओनाना, माउंट, हॉयलुंड टेन हागचे. अमोरिम आल्यावर थेट संघात आलेला म्हणावा असा एकच, जानेवारीत लेच्चेहून आणलेला दोर्गू.

आणि २०२४ मध्ये जे झालं त्याचा तर क्रम लावून बघा. एफए कप जिंकला म्हणून जुलैमध्ये टेन हागचा करार वाढवला. योरो, डे लिख्ट, मझरावी, झर्कझी, उगार्ते यांच्यावर जवळपास २०० मिलियन पौंड घातले. ऑक्टोबर संपता संपता टेन हागला काढलं. डिसेंबरमध्ये खेळाडूंची खरेदी बघणारा स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन अ‍ॅशवर्थ पाच महिन्यांत बाहेर. मधल्या मध्ये, ज्याची सगळी कमाई तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) आणि दोन विंग-बॅकवर (कडेनं बचावही करणारे आणि हल्ल्यालाही धावणारे) उभी आहे अशा माणसाला खरा विंग-बॅक एकही नसलेला संघ दिला.

क्लबनं आधी आपला खेळ ठरवावा, त्याप्रमाणे खेळाडू घ्यावेत आणि मग त्यात बसणारा मॅनेजर शोधावा, हे माझं मत. उलट मत असणाऱ्यांनी जरूर लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

कॉपवाला | ८ जून, १२:०५

आधी क्लबनं खेळ ठरवावा, याच बाजूला माझं मत. आमच्याकडचं थोडं सांगतो.

क्लॉप जाणार हे जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झालं होतं. आमचा जुना स्पोर्टिंग डायरेक्टर मायकेल एडवर्ड्स परत आला, त्यानं बोर्नमथचा रिचर्ड ह्यूज स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणला आणि ह्यूजनं मॅनेजर शोधला. त्या वेळी अमोरिमचं नावही आमच्या यादीत असल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आठवत असेल. शेवटी घेतला तो स्लॉट. चार बचावपटूंचा संघ खेळवणारा, वरून दबाव टाकणारा, म्हणजे ट्रेंट, रॉबर्टसन, व्हान डाइक, सलाह यांना नवी जागा शिकवावी लागणार नाही असा.

स्लॉटला खरं तर मधल्या फळीच्या तळाला झुबिमेंडी हवा होता. त्यानं नकार दिला. दुसरा कुणी असता तर 'मला माझा माणूस मिळाला नाही' म्हणत वर्ष काढलं असतं. स्लॉटनं ग्राव्हेनबर्खला तिथे उभं केलं. क्लॉपच्या काळात हा मुलगा पुढे खेळायचा, बऱ्याचदा बदली म्हणून यायचा. या वर्षी त्याचे सामने परत लावून बघा. पाठ प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे, मागून माणूस अंगावर आलेला, आणि हा चेंडू अडवतच नाही. पायाजवळून जाऊ देतो, खांदा वळवतो आणि एका पावलात अंगावर आलेला माणूस मागे पडतो. त्या एका वळणावर आमचे निम्मे हल्ले सुरू झाले. असा पाय असलेला माणूस संघात आधीपासून आहे हे ज्याला दिसतं तो मॅनेजर.

सलाहचंही तेच. मागे धावण्याचं ओझं कमी करा, पुढे मी देतो, असं आपण स्लॉटला सांगितल्याचं सलाह स्वतः बोललाय. २९ गोल, १८ असिस्ट.

मधली_फळी | ८ जून, १२:५१

दोन गोष्टी मांडतो, दोन्ही बाजूंना थोड्या टोचतील.

पहिली. स्लॉटचं कौतुक मलाही आहे, पण आकडे समोर ठेवू. क्लॉपच्या शेवटच्या मोसमात लिव्हरपूलचे ८२ गुण होते आणि संघ तिसरा आला. स्लॉटच्या पहिल्या मोसमात ८४, आणि पहिला. फरक वरच्यांमध्ये पडला. २०२३-२४ मध्ये मँचेस्टर सिटी ९१ आणि आर्सनल ८९ वर होते. या वेळी आर्सनल ७४, सिटी ७१. रॉड्रीचा गुडघा सप्टेंबरमध्ये गेला आणि सिटीचा कणाच मोडला. स्लॉटनं ८२ गुणांचा संघ ८४ वर नेला, तोही क्लॉपसारखा माणूस गेल्यावर. ही फार मोठी गोष्ट आहे. पण काहीच नसताना संघ उभा केला असं कुणी म्हणू नये. संघ तयार होता.

दुसरी, अमोरिमची. 'युनायटेडचे खेळाडू ३-४-३ मध्ये बसत नाहीत' हे सगळे म्हणतात. नेमकं काय बसत नाही हे बघू. ३-४-३ मधल्या चारांतले दोघं कडेचे विंग-बॅक, म्हणजे मध्यभागी माणसं दोनच. समोरचा संघ तीन घेऊन आला की त्या दोघांना तिघांचं धावावं लागतं. अमोरिमचा पहिला सामना इप्सविचला, २४ नोव्हेंबर. मध्यभागी कासेमिरो आणि एरिक्सन, दोघंही ३२ वर्षांचे. रॅशफर्डनं दुसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि तरी सामना १-१ सुटला. इप्सविच नुकतंच वरच्या श्रेणीत आलेलं, पण मध्यातून ते वाटेल तेव्हा पळत होते.

त्या दिवशी उजवा विंग-बॅक अमाद, डावा दालो. दालो उजव्या पायाचा. डाव्या कडेनं चेंडू घेऊन वर गेला की क्रॉससाठी त्याला आत वळावं लागतं. तेवढ्या वेळात समोरची बचावफळी लागलेली असते. ३-४-३ मध्ये रुंदी देणारे विंग-बॅक सोडून दुसरं कुणी नसतं, त्यामुळे हल्ला तिथेच थंड. हे वर्षभर दिसलं. दोर्गू डाव्या पायाचा म्हणूनच आणला.

स्पोर्टिंगला २०२१ मध्ये १९ वर्षांनी लीग जिंकून दिली तेव्हा अमोरिमचे विंग-बॅक कोण होते? पेद्रो पोरो आणि नुनो मेंडेस. मागे पालिन्या. नुनो मेंडेस आठवड्यापूर्वी पीएसजीकडून चॅम्पियन्स लीग जिंकला आणि पोरो बिल्बाओच्या युरोपा लीग फायनलला टॉटनमकडून अमोरिमच्याच विरुद्ध खेळला. माणसं बघा आणि मग ठरवा पद्धत वाईट होती की हत्यारं नव्हती.

गनर_सदाशिव | ८ जून, सकाळी ९:१०

मधली_फळी, शेवटचा परिच्छेद माझ्याच बाजूचा आहे. पद्धत असलेला मॅनेजर आणला की त्याला हत्यारं आणि वेळ द्या.

आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आर्सनलला आला. लीगमध्ये आठवा, मग परत आठवा. २०२१-२२ च्या पहिल्या तीन सामन्यांत तीन पराभव आणि गोल शून्य. ब्रेंटफर्डनं हरवलं, चेल्सीनं हरवलं, सिटीनं पाच घातले. आम्ही तळाला. तेव्हा आमच्या पुण्यातल्या ग्रुपवर निम्मी पोरं त्याला काढा म्हणत होती. पण त्याच उन्हाळ्यात क्लबनं सहा जण घेतले होते. व्हाइट, रॅम्सडेल, ओडेगार्ड, टोमियासू, लोकोंगा, तावारेस. सगळे २३ किंवा त्याहून लहान. त्यांच्यातले तीन-चार पुढच्या संघाचा पाया झाले. ओझिल गेला, ओबामेयांगसारख्या कप्तानाला फेब्रुवारी २०२२ मध्ये करार संपवून जाऊ दिलं. मग राइसवर १०० मिलियनच्या वर खर्च केले. सलग तीन वर्षं दुसरे आलो. ट्रॉफी नाही म्हणून बोला हवं ते, पण आज आर्सनल कसं खेळतं हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

युनायटेडनं दर वेळी आर्टेटाच्या त्या तिसऱ्या पराभवानंतर माणूस बदलला. तुमचं दुखणं घाई आहे. मॅनेजरच्या हाती जास्त दिलं हे नव्हे.

ठाणे_स्ट्रेटफर्ड | ८ जून, सकाळी १०:२२

गनर, मुद्दा दमदार आहे, पण आर्टेटाची सुरुवात तुम्ही गाळलीत. २०२० चा एफए कप त्यानं कसा जिंकला? मागे तीन घेऊन, खोल बसून, ओबामेयांगला पळायला जागा देऊन. सेमीफायनलला सिटी, फायनलला चेल्सी. आज जो आर्सनल दिसतो त्याचा मागमूसही त्यात नव्हता. त्याच्या डोक्यात ४-३-३ होती, पण हाती डेव्हिड लुईझ आणि मुस्तफी होते, म्हणून त्यानं त्या माणसांना झेपेल ते खेळवलं. कप जिंकला, त्यातून विश्वास मिळवला, मग माणसं बदलली आणि मग खेळ बदलला. हा क्रम मला मान्य आहे. अमोरिमनं पहिल्या दिवशी खेळ बदलला आणि माणसं आज ना उद्या येतील म्हणाला.

आणि घाईबद्दल. सोल्शायरला जवळपास तीन वर्षं मिळाली, टेन हागला दोनहून जास्त. वेळ मिळाला. त्या वेळात घेतलेले खेळाडू पुढच्याच्या कामाचे नव्हते, हे खरं नुकसान. अँटनीवर ८० मिलियनच्या वर गेले. तो फक्त टेन हागच्या डोक्यातल्या खेळात बसत होता. शेवटी उसना बेटिसला दिला.

शाहू_स्टेडियम | ८ जून, ११:३०

चेल्सीचा मॅनेजर काँटेला विसरला का सगळे? सप्टेंबर २०१६, आर्सनलकडं ३-० मार खाल्ला, त्याच सामन्यात फाब्रेगासला काढून तीन बचावपटू केले. पुढं ओळीनं १३ सामने जिंकले, लीग जिंकली ९३ गुणांनी. प्री-सीझन नाही, नवे विंग-बॅक म्हणाल तर एक अलोन्सो. दुसरा व्हिक्टर मोझेस, जो तीन वर्षं उसना फिरत होता. पद्धत लावायला दोन वर्षं लागतात हे मला काही पटत नाही भावांनो.

मधली_फळी | ८ जून, दुपारी १२:१५

शाहू_स्टेडियम, उदाहरण अगदी योग्य आहे आणि त्यातच उत्तर आहे. काँटेच्या मध्यभागी दोघं कोण? कांते आणि माटिच. कांते त्याच उन्हाळ्यात लेस्टरला लीग जिंकून देऊन आलेला. एकटा दोघांचं मैदान झाकायचा. त्यापुढे कासेमिरो-एरिक्सन ठेवून बघा. शिवाय चेल्सी त्या वर्षी युरोपात नव्हती, सरावाला आख्खा आठवडा मिळायचा. युनायटेड युरोपा लीगच्या फायनलपर्यंत खेळलं. गुरुवारी सामना, रविवारी सामना, मध्ये फक्त दुरुस्ती.

पण अमोरिमवर माझा खरा आक्षेप इथेच आहे. मध्यभागी माणूस कमी पडतोय हे त्याला दिसत होतं. ब्रुनोला तो कधी पुढच्या दोघांत, कधी मागच्या दोघांत खेळवत राहिला. मागे ठेवला की पास छान निघायचे, पण गोलजवळचा एकमेव माणूस ४० मीटर लांब. पुढे ठेवला की मागून चेंडूच यायचा नाही. तरुण मिडफिल्डर कोबी मेनूला कधी वर, अगदी स्ट्रायकरच्या जागी. अशा वेळी विंग-बॅकची एक जोडी सोडून मध्ये तिसरा माणूस टाकून बघायला काय हरकत होती? चार-पाच सामने तरी. काँटेनं ४-१-४-१ सोडलीच ना? पोरांच्या पायाला जे जमतंय त्यावरून त्यानं रचना काढली.

ऱ्हाईनकाठ | ८ जून, दुपारी ३:४०

मी कोलोनला राहते, लेव्हरकुसेन इथून लोकल ट्रेननं थोड्याच अंतरावर. २०२२ च्या ऑक्टोबरात बायर लेव्हरकुसेन १७वं होतं तेव्हा ऑफिसमधल्या त्यांच्या पाठीराख्यांचे चेहरे बघवत नव्हते. शाबी आलोन्सो मॅनेजर म्हणून आला तेव्हा त्याच्याकडे रेआल सोसिएदादच्या दुसऱ्या संघाचा अनुभव, बस्स. त्यानं मागे तीन लावले, पण का लावले? उजवीकडे फ्रिम्पाँग होता म्हणून. तो २०२१ पासूनच क्लबमध्ये होता. वाऱ्यासारखा पळणारा, बचावाला मात्र कच्चा. चौघांच्या फळीत तो फुलबॅक म्हणून उघडा पडायचा. मागे तिसरा सेंटर-बॅक दिला की तोच माणूस हुकमी हत्यार झाला.

मग पुढच्या उन्हाळ्यात स्पोर्टिंग डायरेक्टर सिमोन रोल्फेसनं डावीकडे ग्रिमाल्डो आणला, बेनफिकाचा करार संपलेला, म्हणजे एक पैसा न देता. मध्यभागी जाका. पुढे बोनिफेस, होफमन. त्या मोसमात बुंडेसलिगात २८ विजय, ६ बरोबरी, पराभव एकही नाही. आधी असलेल्या माणसावरून रचना निघाली, मग रचनेवरून उरलेली माणसं घेतली. तुमच्या वादातली दोन्ही टोकं इथे एकाच क्लबमध्ये एकापाठोपाठ एक आली.

इथे जर्मनीत खेळाडू निवडणं हे क्लबचं काम, हे लोकांच्या अंगवळणी पडलंय. ट्रेनरनं आपली पसंती सांगायची, पण सही स्पोर्टिंग डायरेक्टरची. इंग्लंडमध्ये फर्ग्युसन, वेंगर अशा माणसांनी सगळं एकट्यानं चालवलं, त्यामुळे लोकांना अजून तसाच एखादा सर्वेसर्वा हवा असतो असं मला वाटतं.

कॉपवाला | ८ जून, दुपारी ४:०२

शेवटच्या परिच्छेदाला +१. आणि तोच फ्रिम्पाँग आता आमच्याकडे आलाय, ट्रेंटच्या जागी. मागे तिसरा सेंटर-बॅक नसताना त्याचं काय करणार याची मला काळजी आहे.

फातोर्डा_गेट | ८ जून, रात्री ९:१८

गोव्याचा एक अनुभव टाकतो. लीग लहान असेल, पण हाच प्रश्न आम्ही इथे डोळ्यांसमोर घडताना बघितलाय.

सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये मॅनेजर म्हणून एफसी गोवात आला. बार्सिलोनाच्या मुशीतला माणूस. गोलरक्षकापासून छोटे पास, जाहू मध्यभागी चेंडू फिरवणार, पुढे कोरो. फातोर्डात त्या काळात सामना बघणं म्हणजे निव्वळ आनंद होता. जाहू चेंडू पायाखाली ठेवून उभा राहायचा, समोरचा पुढे येईपर्यंत थांबायचा, आणि तो आला की त्यानं सोडलेल्या जागेतून पास. आख्खं स्टँड श्वास रोखून बघायचं. २०२० च्या जानेवारीअखेर, आम्ही तक्त्यात वर असताना, क्लब आणि लोबेरा वेगळे झाले. क्लिफर्ड मिरांडानं उरलेले सामने सांभाळले आणि आम्ही लीग शील्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याला मिळते, कप त्यानंतरच्या बाद फेरीचा) जिंकली, आशियातल्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीला जाणारा पहिला भारतीय क्लब झालो.

मग लोबेरा मुंबई सिटीला गेला. पाठोपाठ फॉल, जाहू, बुमूस आणि आपला मंदार राव देसाईसुद्धा. मंदार गोव्याचाच. फार लागलं तेव्हा. कोविडमुळे २०२०-२१ ची लीग सगळी गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर. सेमीफायनलला समोर मुंबई. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, पेनल्टीवर ५-६ हरलो. आमच्याच जुन्या माणसांकडून. त्यांनी शील्डही घेतली आणि फायनलला एटीके मोहन बागानला फातोर्डातच हरवून कपही. बिपिन सिंगचा ९०व्या मिनिटाचा गोल.

म्हणजे गनर, तुमची बाजू इथे जिंकली म्हणा. मॅनेजर आला, आपली माणसं घेऊन आला, पहिल्याच वर्षी दोन्ही ट्रॉफ्या. पण दुसरी बाजू बघा. चार मोहरे आणि मॅनेजर गमावूनही एफसी गोवा कोसळला नाही. क्लबनं हुआन फेरान्दो आणला, तोही चेंडू आपल्याकडे ठेवणाराच. तरुण गोवेकर पोरं त्याच वळणाची तयार झालेली. एप्रिल २०२१ मध्ये लॉराँ ब्लाँच्या अल-रय्यानला फातोर्डात ०-० रोखलं. कतारचा क्लब, त्यांचं बजेट कुठे, आमचं कुठे. लोबेरा गेला तरी त्यानं दिलेला खेळ क्लबकडे राहिला होता, कारण क्लबला तो हवा होता.

आणि मुंबईचंही पुढे बघा. लोबेरा एका वर्षात गेला. मालकी सिटी फुटबॉल ग्रुपची, म्हणून डेस बकिंगहम मेलबर्न सिटीकडून आला, २०२२-२३ ला शील्ड. मग पेट्र क्रातकी, तोही मेलबर्न सिटीचा, २०२४ ला कप. तीन मॅनेजर, तिघांकडे ट्रॉफी. ग्रुपला कसला खेळ हवा हे आधीच ठरलेलं होतं.

शाहू_स्टेडियम | ८ जून, रात्री ९:४०

एक नंबर लिहिलंय. जाहूचा तो थांबून पास अजून डोळ्यांसमोर आहे.

ठाणे_स्ट्रेटफर्ड | ८ जून, रात्री १०:५५

फातोर्डा_गेट, मनापासून आभार. मँचेस्टरच्या निळ्यांनीही हेच केलं. सोरियानो आणि बेगिरिस्ताइन, दोघंही बार्सिलोनाचे जुने अधिकारी, सिटीनं २०१२ मध्ये आणले. मॅनेजर पेप ग्वार्दिओला आला २०१६ ला. चार वर्षं आधीपासून क्लबची मांडणी त्याच्या खेळाच्या दिशेनं चालली होती. आणि पेपच्या तत्त्वनिष्ठेबद्दल सगळे बोलतात, पण रचना त्याच्याइतकी कुणीच बदलत नाही. २०२२-२३ च्या ट्रेबलच्या (तीन मोठ्या ट्रॉफ्या एकाच मोसमात) वर्षी मागे चार मुळातले सेंटर-बॅक उभे केले आणि त्यातला स्टोन्स चेंडू आपल्याकडे आला की रॉड्रीच्या शेजारी जाऊन उभा राहायचा. ज्या माणसानं बार्सिलोनात मेस्सीला मधोमध आणून ठरलेला स्ट्रायकरच काढून टाकला, त्यानंच हालंडसारखा सरळसोट स्ट्रायकर घेतला. चेंडू आपल्याकडे हवा, हरवला की लगेच परत हवा, एवढं पक्कं. बाकी सगळं माणसांवरून.

अमोरिमकडे उलटं आहे. आकडा पक्का, ३-४-३. त्यामागचं तत्त्व काय हे मला अजून सांगता येत नाही, आणि मी प्रत्येक सामना बघितलाय.

गनर_सदाशिव | ८ जून, रात्री ११:३१

हे थोडं अन्यायाचं आहे. स्पोर्टिंगला असताना नोव्हेंबरमध्ये त्यानं त्याच पेपच्या सिटीला ४-१ हरवलं. स्ट्रायकर योकेरेस मोकळ्या जागेत सोडला, विंग-बॅकनं टचलाइन धरली, मागचे तिघं शांत. तत्त्व स्पष्ट होतं. पाच वर्षांत बांधलेल्या संघाकडून ते दिसलं, सहा महिन्यांच्या संघाकडून दिसलं नाही.

आणि तत्त्व सोडून जिंकलं तर काय मिळतं तेही परवाच दिसलं. टॉटनमचा मॅनेजर पोस्तेकोग्लूनं दोन वर्षं सांगितलं, आमची बचावफळी मध्यरेषेवरच राहणार. बिल्बाओला मात्र टॉटनमनं ४२व्या मिनिटाला घुसडलेला एक गोल धरून आख्खा संघ आपल्या गोलसमोरच्या पेटीत बसवला. हॉयलुंडच्या हेडरवर चेंडू रिकाम्या गोलमध्ये चाललेला, व्हान डे व्हेननं हवेत पाय फिरवून रेषेवरून काढला. चेंडू त्यांच्याकडे जेमतेम पाव वेळ. कप मिळाला, क्लबला कितीतरी वर्षांनी. सोळा दिवसांनी, ६ जूनला, त्याला काढलं, कारण लीगमध्ये १७वे होते. मग मॅनेजरनं करायचं तरी काय? हट्ट धरला तर हट्टी, सोडला तरी घरी.

मधली_फळी | ९ जून, १२:२०

पोस्तेकोग्लूला लीगमधल्या २२ पराभवांसाठी काढलं, बिल्बाओसाठी नाही. आणि त्या पराभवांतही संघबांधणीच होती. रोमेरो आणि व्हान डे व्हेन दोघंही जखमी झाले तेव्हा उंच बचावफळीमागे धावू शकेल असा सेंटर-बॅक बाकावर नव्हता. अशा खेळाला मागे असे तीन-चार वेगवान बचावपटू लागतात, हे क्लबला पहिल्याच दिवशी माहीत असायला हवं होतं. ड्रागुशिनच्या जोडीला १८ वर्षांचा आर्ची ग्रे, मूळचा मिडफिल्डर, तिथे खेळला. त्या पोरानं जिवाचं रान केलं.

संघबांधणी म्हटलं की आपण पहिल्या अकराबद्दल बोलतो. खरा कस बारा ते अठरा नंबरच्या माणसांत लागतो.

ऱ्हाईनकाठ | ९ जून, सकाळी ११:०५

पीएसजीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ३१ मेला म्युनिकमध्ये इंटरला ५-०. मेस्सी, नेमार, एमबाप्पे एकत्र असताना दोन्ही वर्षं हा संघ चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळातच हरला. तिघंही गेले, एमबाप्पे तर फुकट गेला, आणि मग क्लबनं पाशो, ज्वाँ नेव्हेस, दुए अशी पोरं घेतली, जानेवारीत क्वारात्सखेलिया. लुईस एन्रिकेनं देंबेलेला कडेवरून मध्ये आणलं. इंटरच्या गोलकिकला देंबेले पेटीच्या रेषेवर पुढे वाकून उभा, नजर गोलरक्षक सोमरवर, धाव घ्यायला टेकलेला. एका महागड्या आघाडीपटूला असं वागायला लावणं हे मॅनेजरचं. असं वागणारा आघाडीपटू संघात असणं हे क्लबचं. इथे दोघांचं एकमत झालं तेव्हा कप आला.

कॉपवाला | ९ जून, दुपारी १:१५

आता अमोरिम राहणार असं धरून चालू. वुल्व्ह्जशी कुन्यासाठी करार झाल्याचं युनायटेडनं जाहीर केलंय, ६२.५ मिलियन. स्ट्रायकरच्या मागच्या दोघांपैकी एक जागा त्याची. गॅरी ओ'नील आणि परेरा दोघांच्याही हाताखाली तो तिथेच खेळला, त्यामुळे ही निवड मला समजते. पुढे काय?

ठाणे_स्ट्रेटफर्ड | ९ जून, रात्री १०:०८

पुढे मधला माणूस. आमचे लोक स्ट्रायकर स्ट्रायकर ओरडताहेत, ४४ गोलच झाले म्हणून. ते खरंच आहे. पण चेंडू पुढे जाईल तेव्हा स्ट्रायकर. मध्यभागी दोघंच खेळवायचे असतील तर त्यातला एक कांतेसारखं मैदान झाकणारा आणि दुसरा दबावाखाली वळून पास देणारा हवा. उगार्ते पहिलं काम काही प्रमाणात करतो. दुसरं करणारा आमच्याकडे एकच आहे, मेनू, आमच्या अकादमीचा, वीस वर्षांचा, आणि त्याला तिथे सलग दहा सामने दिलेले नाहीत. ब्राइटननं कैसेदोला ५ मिलियनच्याही आत उचलला आणि ११५ पर्यंतच्या सौद्यात चेल्सीला विकला. तसा माणूस आपण मोठा होण्याआधी का बघत नाही, हा प्रश्न अमोरिमचा नाही, आमच्या स्काउटिंग विभागाचा आहे.

आणि असा माणूस उद्या अमोरिम गेला तरी चारच्या फळीपुढे खेळेल, तिनाच्या फळीपुढे खेळेल. फक्त ३-४-३ मध्येच शोभेल असा ७० मिलियनचा विंग-बॅक मला नको.

गनर_सदाशिव | ९ जून, रात्री १०:३३

मिडफिल्डरबद्दल सहमत. विंग-बॅकबद्दल नाही. अमोरिमला ठेवताय तर उजवीकडे खरा विंग-बॅक द्या, नाहीतर आजच काढा. अर्धं देऊन वर्षभर तपासत बसू नका, डिसेंबरमध्ये परत हाच धागा वर येईल.

मधली_फळी | ९ जून, रात्री ११:१२

उजवीकडे अमाद आहे की. बचावाला कच्चा, मान्य, पण मागे मझरावी किंवा योरो तिसरा सेंटर-बॅक म्हणून असताना फ्रिम्पाँगसारखाच उपयोग होतो. जानेवारीत साउदॅम्प्टनविरुद्ध शेवटच्या दहा-बारा मिनिटांत त्यानं तीन गोल केले ते आठवा. तिथे पैसे वाचवा आणि सगळे मध्यभागी ओता. १ सप्टेंबरला बाजार बंद होईल तेव्हा कासेमिरोच्या शेजारी नवं नाव नसेल, तर ३-४-३ चा दोष मी अमोरिमवर धरणार नाही.